‘फ्लेश’ नावाची बाटली : लघुमूर्तींवरील त्वचारंगाच्या प्रचलित पद्धतीची चिकित्सा

टेबलटॉप खेळांसाठी वापरल्या जाणाऱ्या लहान मूर्ती, म्हणजे मिनिएचर्स, तुमच्यापैकी काहींनी रंगवल्या असतील. कॉलेजच्या लॅबमध्ये रेझिन प्रिंटर आल्यापासून या मूर्ती स्वतः छापून रंगवणारे विद्यार्थी मला दरवर्षी भेटतात. चिलखत, कापड, लाकूड ही मंडळी बऱ्यापैकी रंगवतात. अडचण येते ती चेहऱ्यापाशी. त्यातही गोरा चेहरा जमतो, पण सावळा चेहरा रंगवला की तो राख फासल्यासारखा दिसतो. मग विद्यार्थी म्हणतो, ‘सर, माझा हात बसलेला नाही.’

या टिपणाचे म्हणणे असे आहे की दोष बहुतेक वेळा हाताचा नसतो, पद्धतीचा असतो. त्वचा रंगवण्याची जी कृती सर्वत्र शिकवली जाते, ती त्वचेला एकाच मोजपट्टीवर बसवते : एका टोकाला फिकट, दुसऱ्या टोकाला गडद. प्रत्यक्ष त्वचा अशी एका अक्षावर चालत नाही. ही कृती काय आहे, ती कुठे चालते, कुठे आणि का मोडते, हे आपण क्रमाने पाहू.

१. प्रचलित कृती

या छंदातील सर्वांत मोठे नाव म्हणजे इंग्लंडमधील नॉटिंगहॅमची गेम्स वर्कशॉप ही कंपनी. तिच्या रंगांचे नाव सिटाडेल. २०१२ मध्ये या रंगांची नव्याने मांडणी झाली आणि बेस, शेड, लेयर अशा पायऱ्या थेट बाटल्यांवरच आल्या. गोऱ्या त्वचेची नेहमीची साखळी अशी असते : आधी ‘बगमन्स ग्लो’ हा लालसर तपकिरी बेस, त्यावर ‘राइकलँड फ्लेशशेड’ हा पातळ वॉश, मग उंच भागांवर ‘कॅडियन फ्लेशटोन’ आणि शेवटी नाक, गाल, बोटांचे सांधे यांच्या टोकांवर ‘किस्लेव्ह फ्लेश’. इतर कंपन्यांच्या बाटल्या वेगळ्या असतात, पण पायऱ्या साधारण याच : मधला रंग, खोलगट भागात गडद वॉश, उंचवट्यावर फिकट थर.

गडद त्वचेसाठी हीच साखळी तपकिरी बाटल्यांनी चालवायची, असे सांगितले जाते. बेस तपकिरी, वॉश आणखी गडद, आणि हायलाइटसाठी बेसमध्ये पांढरा किंवा हस्तिदंती रंग मिसळायचा. नेमकी इथे गडबड आहे.

२. आधी गुण

चिकित्सा करताना समोरच्या पद्धतीने काय साधले आहे, हे प्रामाणिकपणे मांडावे लागते. ही कृती नवख्याला पहिल्याच दिवशी समाधानकारक मूर्ती देते. वॉश स्वतःच खाचांमध्ये उतरतो, त्यामुळे बोटे वेगळी दिसतात, डोळ्यांच्या खोबणी उठून येतात. रंगाच्या सिद्धांतातले काहीही ठाऊक नसले तरी चालते. शिवाय पन्नास सैनिकांची तुकडी एकसारखी रंगवायची असेल, तर अशी पुन्हापुन्हा तोच निकाल देणारी प्रक्रिया लागतेच. इंजिनिअरिंगच्या भाषेत सांगायचे तर ही चांगली उत्पादनपद्धती आहे.

परंतु उत्पादनपद्धती कुठल्या तरी नमुन्यावर बेतलेली असते. नमुना बदलला की तीच पद्धत चालेल, असे गृहीत धरता येत नाही.

३. ‘वास्तव’ म्हणजे नेमके काय

एक साधे गणित करू. २८ मिमी उंचीची मूर्ती १७० सेंमी उंचीच्या माणसाची आहे असे मानले, तर प्रमाण सुमारे १:६० होते. ती मूर्ती तुम्ही ६० सेंमी अंतरावरून पाहता. म्हणजे दृष्टीच्या हिशेबाने तुम्ही खरा माणूस ३६ मीटरवरून पाहत आहात. एवढ्या अंतरावरून पापण्या दिसत नाहीत, ओठांच्या रेषा दिसत नाहीत.

दुसरी अडचण प्रकाशाची. मूर्ती लहान केली म्हणून प्रकाश लहान होत नाही. खऱ्या माणसाच्या हनुवटीखाली जी ठळक सावली पडते, ती २८ मिमीच्या मूर्तीवर खोलीतल्या पसरट उजेडात जवळजवळ नाहीशी होते. म्हणून रंगवणारा सावली आणि उजेड ब्रशने काढतो. म्हणजे ‘वास्तववादी’ मिनिएचर ही मुळात अतिशयोक्ती असते. त्यामुळे प्रश्न अतिशयोक्ती करावी की नाही, हा नाही. त्वचेच्या कोणत्या गुणाची अतिशयोक्ती करायची, हा प्रश्न आहे. त्यासाठी त्वचेवर प्रकाश काय करतो, हे पाहावे लागेल.

४. एकाच दिव्याची दोन कामे

त्वचेवर प्रकाश पडला की दोन वेगळ्या गोष्टी घडतात.

पहिली : प्रकाशाचा छोटा भाग पृष्ठभागावरूनच परत फिरतो, आरशावरून फिरावा तसा. त्वचेचा अपवर्तनांक साधारण १.४ आहे. सरळ पडणाऱ्या किरणासाठी फ्रेनेलच्या सूत्राने हे परावर्तन सुमारे ३ टक्के येते. हा प्रकाश त्वचेच्या आत शिरलेलाच नसतो. त्यामुळे त्याचा रंग त्वचेचा नसतो, दिव्याचा किंवा आकाशाचा असतो. कपाळावर, नाकाच्या शेंड्यावर, खालच्या ओठावर दिसणारी चमक ती हीच.

दुसरी : उरलेला प्रकाश आत शिरतो, विखुरतो, आणि त्यातील काही बाहेर येतो. आत त्याला मुख्यतः दोन रंगद्रव्ये भेटतात. वरच्या थरात मेलॅनिन, खालच्या थरात रक्तातील हिमोग्लोबिन. मेलॅनिन निळा प्रकाश जास्त शोषते, तांबडा कमी. हिमोग्लोबिन हिरवा भाग जोराने शोषते. गोऱ्या त्वचेत मेलॅनिन कमी असल्याने रक्ताचा गुलाबीपणा वर दिसतो. गडद त्वचेत बराचसा प्रकाश रक्तापर्यंत पोचण्याआधीच आणि परत येताना मेलॅनिनमध्ये शोषला जातो.

आता एक कल्पित उदाहरण घ्या. समजा गोरी त्वचा आतून ५० एकक प्रकाश परत देते आणि गडद त्वचा ८ एकक. पृष्ठभागावरची चमक दोन्हीवर सारखीच, समजा २० एकक. गोऱ्या त्वचेवर चमकणारा भाग ७० झाला, म्हणजे शेजारच्या भागाच्या १.४ पट. गडद त्वचेवर तो २८ झाला, म्हणजे ३.५ पट. चमक तीच असली तरी गडद त्वचेवर ती कितीतरी ठळक दिसते. गडद त्वचेचा घाट आपल्याला मोठ्या प्रमाणात चमकेवरून कळतो, तर गोऱ्या त्वचेचा मुख्यतः छटांवरून. प्रचलित कृती बनली ती दुसऱ्या प्रकारच्या त्वचेवर.

५. कृती मोडते त्या चार जागा

(अ) पांढरा रंग. फिकट पीच रंगात पांढरा घातला, तर आतून येणारा उजेड आणि वरची चमक ही दोन्ही कामे एकाच थरात उरकतात, आणि डोळ्याला फरक कळत नाही. गडद तपकिरीत पांढरा घातला की वेगळेच घडते. टायटॅनियम डायऑक्साइड सगळ्या तरंगलांबींचा प्रकाश जवळजवळ सारखाच विखुरतो. रंग उजळतो, पण त्याची शुद्धता घटते आणि तो थंड, राखाडी होतो. विद्यार्थ्याला दिसणारी ‘राख’ ती हीच. गडद त्वचेत आतून येणारा उजेड रुंद आणि ऊबदार असतो, तर वरची चमक लहान आणि जवळपास रंगहीन. ही दोन वेगळी कामे वेगळ्या रंगांनी आणि वेगळ्या आकाराच्या फटकाऱ्यांनीच करावी लागतात.

(आ) वॉश. वॉश उतरतो तो गुरुत्वाकर्षण आणि पृष्ठताण नेतील तिथे. प्रकाश कुठे पोचत नाही, हे त्याला ठाऊक नसते. बोटांच्या फटीत दोन्ही एकत्र येतात म्हणून तो तिथे शोभतो. पण फटीतल्या सावलीचा रंगही विचारात घ्या. तिथे प्रकाश बाहेर पडण्याआधी दोनदा आपटतो. समजा त्वचा एका आपटीत तांबड्याचा ४० टक्के आणि निळ्याचा १५ टक्के भाग परत देते. गुणोत्तर २.७ च्या आसपास. दोन आपटींनंतर उरतात १६ आणि २.२५ टक्के, गुणोत्तर ७ च्या वर. म्हणजे तपकिरी त्वचेच्या फटी गडद असतात आणि अधिक तांबूसही. उलट आकाशाकडे उघड्या असलेल्या सावल्यांवर निळसर झाक येते. काळपट वॉश सगळीकडे एकाच रंगाने फिरवला की हा फरक पुसला जातो.

(इ) सांधे आणि तळवे. कृती सांगते की बोटांचे सांधे सर्वांत फिकट करा, कारण ते उंच आहेत. आता वाचन क्षणभर थांबवा आणि स्वतःचा हात पाहा. आपल्यापैकी अनेकांच्या बोटांचे सांधे, कोपर आणि डोळ्यांभोवतीचा भाग बाकी त्वचेपेक्षा गडद असतो. तळहात मात्र फिकट असतो, कारण तिथे मेलॅनिन कमी असते. गव्हाळ किंवा सावळ्या हातावर फिकट सांधे आणि हाताच्याच रंगाचा तळवा काढला, तर तो हात गोऱ्या माणसाचा असतो, फक्त तपकिरी मोजा घातलेला.

(ई) शेवटचा मॅट वार्निश. मूर्ती पूर्ण झाली की चमक मारण्यासाठी मॅट वार्निश लावतात. मॅट पृष्ठभाग पडणारा प्रकाश सर्व दिशांना विखुरतो, आणि त्याचा पातळ पांढुरका पडदा संपूर्ण रंगावर बसतो. फिकट रंगाला त्याने फारसा फरक पडत नाही, गडद रंगाची खोली मात्र जाते. ज्या त्वचेचा घाट चमकेवर अवलंबून आहे, तिचीच चमक आपण शेवटच्या पायरीला काढून घेतो.

६. बाटलीवरचे नाव

आता नावांकडे येऊ. सिटाडेलच्या जुन्या बाटल्यांची नावे होती ‘ड्वार्फ फ्लेश’, ‘एल्फ फ्लेश’, ‘ब्राँझ्ड फ्लेश’, ‘डार्क फ्लेश’. पहिली दोन गोऱ्या कातडीच्या छटांची. ‘डार्क’ हे विशेषण ज्याला लावावे लागते, तो अपवाद असतो. ज्याला विशेषण लागत नाही, तो नियम. हा प्रकार या छंदापुरता नाही. अमेरिकेतील क्रेयोला कंपनीच्या एका फिकट गुलाबी खडूचे नाव ‘फ्लेश’ होते. ते १९६२ मध्ये बदलून ‘पीच’ करण्यात आले. २०२० मध्ये त्याच कंपनीने त्वचेच्या २४ छटांचा वेगळा संच काढला. आपल्याकडेही शाळेत ‘स्किन कलर दे’ म्हटले की शेजारचा मुलगा गुलाबीसर खडू पुढे करतो, आणि देणाऱ्या व घेणाऱ्या दोघांचेही हात त्या खडूच्या रंगाचे नसतात.

मराठीत पाहा : गोरा, निमगोरा, गव्हाळ, सावळा, काळासावळा, काळा. तुमच्या मातृभाषेतही अशीच यादी असेल. भाषेने जे भेद जपले, ते रंगपेटीने एका खडूत गुंडाळले. अर्थात ही यादीही निरागस नाही. लग्नाच्या जाहिरातीत ती चढत्या-उतरत्या भाजणीसारखी वापरली जाते, म्हणजे तिथेही एकच अक्ष. ‘फेअर अँड लव्हली’ने २०२० मध्ये नाव बदलले, तेव्हा भाजणी बदलली नाही, पाटी बदलली.

न्याय म्हणून हेही नोंदवले पाहिजे की आजच्या सिटाडेल रंगांत ‘कॅटाचान फ्लेशटोन’, ‘ब्लडरीव्हर फ्लेश’ यांसारख्या गडद बाटल्या आहेत आणि त्यांच्या नावात ‘फ्लेश’ कुठल्याही विशेषणाशिवाय आहे. ही सुधारणा खरी आहे. पण बाटली बदलून कृती तीच ठेवली, तर वर सांगितलेले चारही दोष जसेच्या तसे राहतात.

७. दोन आक्षेप

पहिला आक्षेप : ‘ही खेळातली बाहुली आहे, ३६ मीटरवरून एवढे कोण पाहणार?’ हा आक्षेप उलटा पडतो. त्या अंतरावरून पापणी दिसत नाही, पण त्वचेची एकूण छटा, तिचा ऊबदारपणा आणि कपाळावरची चमक दिसते. आपण नेमक्या त्याच गोष्टींबद्दल बोलत आहोत. पापणीवर तासभर घालवणाऱ्याने चमकेसाठी वेळ नाही म्हणू नये.

दुसरा आक्षेप : ‘काल्पनिक विश्वात वास्तव कशाला? ऑर्क तर हिरवा असतो.’ ऑर्कचेच उदाहरण घेऊ. चांगला रंगारी ऑर्कच्या नाकाला, ओठांना आणि सांध्यांना तांबूस किंवा जांभळट झाक देतो, हिरव्या कातडीखाली रक्त आहे असे वाटावे म्हणून. जे प्राणी अस्तित्वात नाहीत, त्यांच्या त्वचेचा इतका विचार होतो आणि कोट्यवधी माणसांच्या त्वचेला ‘तपकिरी घ्या, पांढरा मिसळा’ एवढीच सूचना मिळते. हा प्राधान्यक्रम तपासण्यासारखा आहे.

एक मर्यादा मात्र मान्य केली पाहिजे. फार गडद त्वचा आहे त्याच गडदपणाने रंगवली, तर टेबलावर सावलीला जागाच उरत नाही. काळ्याच्या खाली जाता येत नाही. म्हणून मधला रंग खऱ्यापेक्षा थोडा उजळ घ्यावा लागतो. ही तडजोड आहे. ती कळून केली तर मूर्तीला धक्का लागत नाही.

८. पर्यायी पद्धत

महागड्या बाटल्यांची गरज नाही. ट्यूबमधले साधे ॲक्रिलिक रंग पुरतात : पिवळा ऑकर, बर्न्ट सिएना, बर्न्ट अंबर, अल्ट्रामरीन निळा, टायटॅनियम पांढरा आणि एखादा लाल. ट्यूबमधला रंग घट्ट असतो, म्हणून तो पाण्याबरोबर थोडे ॲक्रिलिक मिडियम घालून पातळ करा. नुसते पाणी वाढवले तर रंग धरून ठेवणारा घटक कमी पडतो आणि रंग नीट चिकटत नाही.

मधला रंग : बर्न्ट सिएना, त्यात ऑकर आणि चिमूटभर निळा. निळ्याच्या प्रमाणावर गव्हाळ ते काळासावळा अशी सगळी पट्टी मिळते.
सावली : बर्न्ट अंबर आणि निळा, पातळ थरात, जिथे प्रकाश पोचत नाही तिथेच. बोटांच्या फटीत त्यात थोडा लाल.
रुंद उजेड : मधल्या रंगात ऑकर आणि किंचित लाल. पांढरा अगदी शेवटी, नाइलाजापुरता.
स्थानिक रंग : सांधे, कोपर आणि डोळ्यांभोवती पातळ अंबर; तळव्यावर ऑकर आणि थोडा पांढरा; खालच्या ओठावर तांबूस ग्लेझ.
चमक : पांढऱ्यात निळ्याचा अंश, टोकदार ब्रशने. नाकाचा शेंडा, गालाचे हाड, कपाळ, खालचा ओठ. ठिपक्याएवढी, त्याहून मोठी नाही.
वार्निश : कपड्यांवर मॅट, त्वचेवर सॅटिन.

९. हे कोडे जुनेच आहे

तपकिरी त्वचेला घाट देणे, हे काही नवे कोडे नाही. युरोपात १४०० च्या सुमारास चेन्निनो चेन्निनी याने चित्रकारांसाठी लिहिलेल्या पुस्तकात त्वचेखाली हिरव्या मातीचा थर देऊन वर गुलाबी छटा चढवण्याची रीत सांगितली आहे. ती गोऱ्या त्वचेची रीत होती आणि त्या त्वचेसाठी उत्तम होती. आपल्याकडे अजिंठ्याच्या भिंतींवर त्याच्या कितीतरी आधी गोऱ्यापासून गडद सावळ्यापर्यंत वेगवेगळ्या वर्णांची माणसे एकाच चित्रात शेजारी शेजारी उभी आहेत, आणि सावळ्या चेहऱ्यांच्या नाकावर, ओठांवर, हनुवटीवर उजेडाचे फटकारे आहेत. विष्णुधर्मोत्तर पुराणाच्या चित्रसूत्रात छायेच्या, म्हणजे ‘वर्तने’च्या, तीन रीती दिल्या आहेत, त्यातील बिंदुज ही ठिपक्यांनी घाट देण्याची. आजचे मिनिएचर रंगवणारे ठिपक्यांचे जे तंत्र वापरतात, ते याच जातीचे. यात ‘आमच्याकडे सगळे आधीच होते’ असा अभिमान बाळगण्याचे कारण नाही. मुद्दा एवढाच की त्या चित्रकारांनी समोरची माणसे पाहून रंग ठरवले होते.

समारोप

प्रचलित कृती वाईट नाही. ती एका विशिष्ट त्वचेसाठी बनली, आणि ते न सांगता सगळ्यांसाठी म्हणून विकली गेली. यातून मिळणारा धडा तुम्हाला रंगकामाबाहेरही लागेल. कोणतीही प्रमाण पद्धत हातात आली की विचारा : ही कोणत्या नमुन्यावर तपासली आहे? माझा नमुना तसा आहे का? नसेल, तर स्वतःच्या हाताला नावे ठेवण्याआधी पद्धत तपासा.

स्वाध्याय

१. दुपारी खिडकीपाशी बसून स्वतःच्या हाताचे पाच रंग कागदावर मिसळून काढा : तळवा, मनगटाची आतली बाजू, बोटाचा सांधा, बोटांमधली फट, आणि नखाशेजारची चमक. कोणत्या रंगात पांढरा खरोखर लागला, ते नोंदवा.
२. एकाच मूर्तीच्या दोन प्रती घ्या. एक प्रचलित कृतीने, दुसरी कलम ८ प्रमाणे गडद त्वचेत रंगवा. ६० सेंमी अंतरावरून मित्राला दाखवा आणि त्याला जाणवलेले फरक त्याच्याच शब्दांत लिहून घ्या.
३. तुमच्या मातृभाषेतील त्वचेच्या रंगाच्या शब्दांची यादी करा. प्रत्येक शब्दासाठी एक मिश्रण तयार करा. कोणता शब्द वर्णन करतो आणि कोणता शब्द किंमत ठरवतो, यावर १५० शब्दांत लिहा.